महागडे कान, स्वस्त विशेषणे

आमच्या विद्यार्थ्यांपैकी कित्येक जण कादंबरीवरचे परीक्षण वाचत नाहीत, पण इयरफोनवरची लांबलचक परीक्षणे मन लावून वाचतात. याबद्दल तक्रार करण्याचे कारण नाही. समीक्षा हा वाङ्मयप्रकार कोठेतरी अजून आवडीने वाचला जातो, एवढ्यानेच आम्हाला बरे वाटले आणि ती परीक्षणे आम्हीही वाचू लागलो. विषय ठरलेले असत : कर्णनलिकेत बसणारे उच्च दर्जाचे इयरफोन, ज्यांना 'इन-इयर मॉनिटर' म्हणतात, आणि खिशात मावणारे (निदान मावावेत अशी अपेक्षा असलेले) संगीतवादक, म्हणजे 'प्लेअर'. दहा-बारा परीक्षणे वाचून झाल्यावर मात्र एक अस्वस्थता वाटू लागली. ही भाषा आम्ही पूर्वी कोठेतरी वाचली आहे, असे वाटत राहिले. 'तरल', 'पारदर्शक', 'प्रवाही', 'खोलवर भिडणारा'. कवितासंग्रहांच्या मलपृष्ठांवरची ही सारी मंडळी येथे तांब्याच्या तारांबद्दल बोलत होती.

आमचे म्हणणे असे आहे. इयरफोन-इयरफोनमध्ये फरक असतो, तो मोठा असतो आणि कोणालाही ऐकू येतो. प्लेअर-प्लेअरमध्ये तो बहुधा नसतो. आणि असला, तर त्याचे कारण नाव घेऊन सांगता येते. परीक्षणांची भाषा मात्र दोहोंना एकाच ओंजळीने विशेषणे वाटते. त्यामुळे वाचकाचा पैसा जेथे जायला नको तेथे जातो. त्याहून वाईट गोष्ट अशी की, ऐकणे आणि ऐकल्याबद्दल लिहिणे यांतला संबंध सुटतो. साहित्याच्या माणसांनी या विषयात नाक खुपसावे ते एवढ्याचसाठी.

थोडा इतिहास पाहू. १ जुलै १९७९ रोजी सोनी कंपनीने जपानमध्ये पहिला 'वॉकमन' विक्रीस आणला. त्या यंत्राला हेडफोन जोडण्यासाठी दोन जागा होत्या आणि एक नारिंगी कळ होती. ती दाबली की संगीत हळू होऊन सोबतच्या दुसऱ्या श्रोत्याशी बोलता येई. भर रस्त्यात एकट्याने ऐकणे हे निर्मात्यांनाच बहुधा शिष्टाचाराला सोडून वाटले असावे. पुढे ती कळ गेली आणि कालांतराने ती दुसरी जागाही गेली. इन-इयरची कुळकथा निराळी आहे. तिचा उगम रसिकाच्या खोलीत नाही, तो श्रवणविज्ञानात आणि रंगमंचावर आहे. त्यांतल्या कित्येकांत असणारा 'बॅलन्स्ड आर्मेचर' हा इवलासा ध्वनिजनक मुळात कमी ऐकू येणाऱ्यांच्या श्रवणयंत्रांतून आलेला. एटिमोटिक कंपनीचा 'ईआर-४' हा १९९१ सालचा इयरफोन एका श्रवणशास्त्रज्ञाच्या प्रयोगशाळेतून निघाला. आणि १९९५ मध्ये जेरी हार्वी या ध्वनितंत्रज्ञाने व्हॅन हेलन या रॉक वाद्यवृंदाच्या ढोलवादकासाठी कानाच्या साच्यातले मॉनिटर घडवले. 'मॉनिटर' म्हणजे गायक-वादकाला स्वतःचे ऐकू यावे म्हणून त्याच्याकडे तोंड करून ठेवलेला ध्वनिक्षेपक. आपल्या मैफलीत गवई पहिल्या पाच मिनिटांत ध्वनिव्यवस्था पाहणाऱ्याकडे वळून 'जरा तानपुरा वाढवा' म्हणतो, ते याच मॉनिटरसाठी. कलावंताच्या कामाचे हे हत्यार श्रोत्याच्या कानात केव्हा गेले, हे कोणाच्या फारसे लक्षात आले नाही.

उच्च दर्जाचे प्लेअर त्यामानाने अलीकडचे. कोरियातील ऍस्टेल अँड कर्नचा 'एके १००' २०१२ साली आला. २०१६ मध्ये आयफोनने हेडफोनची जागाच काढून टाकली, इतरांनी तिचे अनुकरण केले आणि तारेचा इयरफोन वापरणाऱ्यांचा एक वेगळा पंथच तयार झाला. २०२२ मध्ये आयपॉडचे उत्पादन थांबले तेव्हा सामान्य प्लेअर संपल्यासारखाच होता. उरले होते ते बहुतेक महागडे. असो.

आता मूळ मुद्दा. उघड्या कानाची नलिका सुमारे अडीच सेंटिमीटर लांबीची असते आणि ती स्वतःच एखाद्या बासरीप्रमाणे सेकंदाला तीन हजार कंपनांच्या आसपास घुमते. जन्मापासून आपण जे जे ऐकले ते या घुमण्यासह ऐकले. इन-इयर नलिकेचे तोंड बंद करतो तेव्हा ते नैसर्गिक घुमणे बिघडते. म्हणून ते इयरफोनने स्वतःच्या आवाजात आधीच भरून द्यावे लागते. किती भरायचे, नेमके कोठे भरायचे, याबद्दल निर्माते एकमत नाहीत. शिवाय नलिकेची लांबी-रुंदी माणसागणिक वेगळी, आणि टोकाचे रबर नीट बसले नाही तर खालचे स्वर सरळ गळून जातात. म्हणजे 'प्रत्येक वाचकाची संहिता वेगळी' हे जे विधान आम्ही वर्गात वर्षानुवर्षे करत आलो, ते येथे अक्षरशः मिलिमीटरमध्ये खरे आहे. दुसऱ्याच्या कानातल्या इयरफोनचे परीक्षण म्हणूनच जपून वाचावे. पण दोन इयरफोन वेगळे वाजतात यात संशय नाही.

किमतीचा आणि या वेगळेपणाचा संबंध काय? २०१७ साली येरून ब्रेबार्ट या संशोधकाने २८३ हेडफोन व इयरफोनांची मापे तपासून असा निष्कर्ष काढला की, त्यांच्या स्वरप्रतिसादाचा (कोणती कंपने किती जोराने वाजतात याचा) किरकोळ विक्रीच्या किमतीशी संबंध आढळत नाही. बाजाराकडे पाहिले तरी हेच दिसते. ६४ ऑडिओ कंपनीच्या 'यू१८टी' या इयरफोनमध्ये एकेका कानात अठरा ध्वनिजनक आहेत. सेनहायजरच्या २०२१ सालच्या 'आयई ९००' मध्ये सात मिलिमीटरचा एकच. दोन्ही उंची, दोन्हींचे भक्त कडवे. आणि मूनड्रॉपचा 'चू' हा २०२२ साली वीस-एक डॉलरला मिळू लागलेला चिनी इयरफोन मापांच्या आलेखावर यांच्याशेजारी ठेवला, तर न लाजता बसून राहतो. तारेची गुणवत्ता, पेटीची बांधणी, टिकाऊपणा यांत अर्थातच फरक आहे. स्वरांच्या समतोलात किमतीच्या पटीत फरक नाही.

प्लेअरकडे वळले की चित्र पालटते. प्लेअरचे काम अंकांचे विजेत रूपांतर करून ती पुरेशा जोराने बाहेर ढकलणे, एवढेच. हे काम फार पूर्वीच साध्य झाले आहे. सीडीच्या मापाहून वरच्या, ज्याला 'हाय-रेझोल्यूशन' म्हणतात त्या मुद्रणाबद्दल मायर आणि मोरन या दोघांनी २००७ साली एक साधा पडताळा प्रसिद्ध केला : उच्च प्रतीचे मुद्रण जसेच्या तसे, आणि तेच सीडीच्या मापातून गाळून, असे दोन्ही प्रकारे न सांगता ऐकवले. ५५४ वेळा विचारल्यावर २७६ वेळा उत्तर बरोबर आले. नाणेफेक याहून वाईट लागली नसती. न्यायाने हेही सांगितले पाहिजे की २०१६ साली जोशुआ राइस यांनी अशा अनेक प्रयोगांची एकत्र तपासणी केली, तेव्हा फरक ओळखण्याची अल्पशी क्षमता दिसली आणि आधी सराव दिलेल्या श्रोत्यांत ती ६० टक्क्यांच्या आसपास गेली. म्हणजे काहीतरी आहे. पण परीक्षणांत ज्या 'पडदा दूर झाला' थाटाचे वर्णन असते, ते एवढ्याशा फरकाचे वर्णन असू शकत नाही.

आम्ही आमच्या मगदुराप्रमाणे हे करून पाहिले. एका सहकाऱ्याच्या पुतण्याने परदेशातून आणलेला एक महागडा प्लेअर आणि नऊ-दहा डॉलरची चिमुकली जोडतार लावलेला साधा फोन, असे दोन स्टाफरूममध्ये मांडले. भौतिकशास्त्र विभागाकडून मल्टिमीटर आणला आणि एकाच सुराने दोन्हींचा विद्युत्दाब सारखा करून घेतला. ही पायरी फार महत्त्वाची; कारण किंचित मोठा आवाज कानाला मोठा न वाटता 'चांगला' वाटतो आणि निम्मी परीक्षणे बहुधा या एका भ्रमावर उभी असतात. कोणते यंत्र चालू आहे ते ऐकणाऱ्याला दिसणार नाही, अशी व्यवस्था केली. एकाच ध्वनिजनकाच्या इयरफोनवर आमच्यापैकी कोणालाही दोन यंत्रे खात्रीने वेगळी ओळखता आली नाहीत. आमच्यात एक जण पेटी उत्तम वाजवणारे आहेत, त्यांनाही नाही. अनेक ध्वनिजनकांच्या दुसऱ्या इयरफोनवर मात्र तत्काळ फरक कळला : महागड्या यंत्रावर शांततेत बारीक खरखर होती आणि वरचे स्वर थोडे निराळे लागत होते.

याचे कारण गूढ नाही. अनेक आर्मेचरांच्या इयरफोनचा विद्युत्-अवरोध स्वराच्या उंचीबरोबर बदलतो. प्लेअरचा स्वतःचा अवरोध त्यामानाने मोठा असेल, तर कोठे आवाज चढतो, कोठे उतरतो. यासाठी प्लेअरचा अवरोध इयरफोनच्या एक-अष्टमांशाहून कमी असावा, असा ठोकताळा आहे. वर उल्लेखिलेल्या 'एके १००' चा हा अवरोध २२ ओहम होता. त्या काळी त्यावर सोळा-वीस ओहमचे इयरफोन लावून कित्येकांनी त्या यंत्राच्या 'व्यक्तिमत्त्वा'बद्दल लिहिले. ते व्यक्तिमत्त्व नव्हते. तो भागाकार होता. याउलट सोनीने २०१६ साली काढलेल्या 'डब्ल्यूएम१झेड' या वॉकमनची पेटी शुद्ध तांब्याची, वर सोन्याचा मुलामा दिलेली. वजन ४५५ ग्रॅम, किंमत सुमारे ३२०० डॉलर, म्हणजे तेव्हाच्या दराने दोन लाख रुपयांहून अधिक. तासिका तत्त्वावर शिकवणाऱ्या आमच्या सहकाऱ्यांचे हे कित्येक महिन्यांचे मानधन होय. सोन्यामुळे स्वर 'मखमली' झाल्याचे आम्ही वाचले. मराठीत 'कानातले' म्हटले की कुड्या आठवतात, आणि सोने कानात शोभते हे आमच्या आज्यांना ठाऊक होतेच. पण ते ऐकण्यासाठी घालतात, असे त्यांनी कधी म्हटले नाही.

भाषेचा प्रश्न येथे उभा राहतो. तुलना करू नये असे आमचे म्हणणे नाही; तुलना कशाच्या आधारे करतो ते सांगावे, एवढेच आहे. मराठीत याचा उत्तम नमुना आहे. वामनराव देशपांडे व्यवसायाने हिशेबतपासनीस. त्यांनी 'घरंदाज गायकी' मध्ये घराण्यांची तुलना केली ती स्वर आणि लय ही दोन टोके कल्पून : एका टोकाला स्वराकडे झुकलेले किराणा, दुसऱ्या टोकाला लयीकडे झुकलेले आग्रा, आणि अधेमधे इतर. हा अक्ष मान्य नसलेले पुष्कळ आहेत आणि त्यांनी भांडावे हेच उचित. पण भांडता येते ते अक्ष सांगितला आहे म्हणून. 'किराण्याचा स्वर उबदार आहे' या वाक्याशी कोणी भांडू शकत नाही, कारण त्यात धरायला काही नाही. इयरफोनच्या परीक्षणांतली 'उबदार', 'काळोखी', 'हवेशीर' ही विशेषणे इंग्रजीतून उचललेली आहेत. त्यांच्यामागे ज्या संगीताचा अनुभव आहे तो ड्रम, बास गिटार आणि स्टुडिओत डाव्या-उजव्या बाजूला वाटून दिलेल्या वाद्यांचा. 'रंगमंच किती रुंद वाटतो' हा तेथला मोठा निकष. ख्यालगायकीच्या ध्वनिमुद्रणात गवई मधोमध, तबला एका अंगाला आणि पेटी किंवा सारंगी दुसऱ्या. तेथे रुंदीचे काय करायचे?

आपल्याकडे त्याहून काटेकोर कसोटी पडून आहे आणि ती तानपुऱ्याची. घोडीवर तारेखाली सुताचा दोरा सरकवून तार विशिष्ट जागी आणली की जवारी उघडते. सी. व्ही. रामन यांनी १९२१ साली भारतीय तंतुवाद्यांवर लिहिलेल्या निबंधात दाखवले की, या रुंद घोडीमुळे तारेत असेही उपस्वर ऐकू येतात जे छेडण्याच्या जागेचा विचार करता, प्रचलित नियमानुसार, उमटायलाच नकोत. मिरजेचे कारागीर हे शास्त्र हाताने जाणत होते (तेथल्या तानपुऱ्याला व सतारीला २०२४ साली भौगोलिक मानांकन मिळाले). आता हिशेब पाहा. काळी एक पट्टीतल्या पुरुषगायकाचा षड्ज सेकंदाला सुमारे १३९ कंपनांचा, त्याचा खर्ज सुमारे ६९ चा. खर्जाच्या पाचपट कंपनांवर, म्हणजे ३४७ च्या आसपास, तो प्रसिद्ध स्वयंभू गंधार येतो; आणि षड्जाचे विसाव्या क्रमाच्या पलीकडचे उपस्वर तीन हजारांच्या घरात, नेमके जेथे कर्णनलिका घुमते आणि जेथे इयरफोन आपापसांत सर्वाधिक भांडतात, तेथे पडतात.

म्हणून तानपुरा ठळक असलेले एखादे मुद्रण घ्यावे आणि गाणे सुरू होण्यापूर्वीचे अर्धे मिनिट ऐकावे. खालचे स्वर फुगवलेला इयरफोन असेल तर खर्ज पसरतो आणि स्वयंभू गंधार त्याखाली दबतो. तानपुरा वाजतो, पण बोलत नाही. तीन हजारांच्या आसपास खड्डा असेल तर जवारी मिटते, दोरा निसटल्यासारखी. तेथेच उंचवटा जास्त झाला तर तार पत्र्यासारखी लागते आणि थोड्या वेळात कान शिणतात. नंतर तबला येऊ द्यावा : चाटेवरचा 'ना' टोकदार राहतो का, डग्ग्याचा घुमारा मींडेसह वर चढताना मधेच तुटतो का. शेवटी गळा : 'आ'कार आणि 'ई'कार यांतला फरक दूरचा वाटतो की तोंडाशी. एवढ्या तीन प्रश्नांची उत्तरे ज्या परीक्षणात असतील, ते आम्ही दहा विशेषणे माफ करून वाचू. आमच्या कानांचे वयही येथे जमेस धरावे. चाळिशी उलटलेल्यांना पंधरा हजारांच्या वरची कंपने बहुधा ऐकूच येत नाहीत, मग त्या प्रदेशातील 'हवे'चे वर्णन आम्ही कोणत्या तोंडाने करावे?

ध्वनिमुद्रणाची मर्यादा हा आणखी एक भाग. १९३७ साली निवर्तलेल्या अब्दुल करीम खाँसाहेबांच्या अठ्ठ्याहत्तर फेऱ्यांच्या ध्वनिमुद्रिकांत पाच-सहा हजार कंपनांपलीकडचे फारसे काही उतरलेलेच नाही. एका बाजूला वेळ तीन-सव्वातीन मिनिटांचा. त्यावर लाखाचा इयरफोन लावला तर सुईची खरखर अधिक तपशिलात ऐकू येते. 'हा इयरफोन सगळे उघडे पाडतो' ही स्तुती असते तेव्हा आम्हाला हस्तलिखिताच्या चिकित्सक आवृत्तीची आठवण होते : पाठभेद सारे दिसतात, पण अभंग म्हणायचा असतो तेव्हा ती आवृत्ती कोणी हातात घेत नाही. दोन्हींची गरज आहे. अभ्यासाला एक, आळवायला दुसरी.

यावर एक आक्षेप येईल आणि तो आम्ही हलका मानत नाही. सुबक यंत्र जवळ बाळगण्यात एक सुख असते. ज्याला परवडते त्याने ते घेतले तर प्राध्यापकांनी का कुरकुरावे? कुरकुरू नये हे मान्य. ग्रंथाची पहिली आवृत्ती बाळगणाऱ्याला मजकूर तोच आहे हे ठाऊक असते आणि तरी तो आनंदात असतो. मात्र पहिल्या आवृत्तीत कविता अधिक 'खोल' झाली आहे, असे तो लिहीत नाही. वस्तूवरचे प्रेम वस्तूवरचे म्हणून सांगितले, तर आमचे भांडण संपले. ते ऐकण्यावरचे म्हणून सांगितले जाते आणि हप्त्यांवर यंत्र घेणारा विद्यार्थी आपल्याला तो फरक ऐकू येत नाही म्हणून स्वतःच्या कानाला दोष देतो, तेव्हा मात्र आमचे काम सुरू होते. वर्गात एखादी गाजलेली कविता न भावल्यावर मान खाली घालून बसणारा विद्यार्थी आम्ही रोज पाहतो. दोघेही त्याच विशेषणांचे बळी.

इन-इयरचा एक खरा गुण परीक्षणांत कोपऱ्यात पडलेला असतो. नीट बसला तर तो बाहेरचा गोंगाट वीस-तीस डेसिबलने अडवतो. म्हणून एसटीत किंवा लोकलमध्ये आवाज न चढवता ऐकता येते. जागतिक आरोग्य संघटनेने २०१९ साली आंतरराष्ट्रीय दूरसंचार संघासह जे मानक ठरवले, त्यात प्रौढांसाठी आठवड्याला चाळीस तास ८० डेसिबल ही मर्यादा आहे. दर तीन डेसिबलला वेळ निम्मा होतो, म्हणजे ८९ डेसिबलला पाचच तास. सुट्या इयरफोनवर गाडीच्या इंजिनाशी स्पर्धा करत ऐकणारे ही मर्यादा दोन दिवसांत संपवत असतील.

तेव्हा विचारणाऱ्याला आम्ही सांगतो ते असे. पैसे आधी इयरफोनवर, तेही एका मर्यादेपर्यंत. मग चांगल्या मुद्रणांवर आणि मैफलीच्या तिकिटावर. प्लेअरवर सर्वांत शेवटी, आणि तोही फोनमध्ये जागा उरली नसेल किंवा फोनचा व्यत्यय नको असेल तर. आणि त्याहीपूर्वी इयरफोनच्या डबीत बहुधा तीन-चार मापांची रबरी टोके असतात, ती सगळी दोन्ही कानांत आळीपाळीने लावून तोच तानपुरा ऐकावा. डाव्या आणि उजव्या कानाला वेगवेगळे माप लागणे यात काही विशेष नाही.